एकही सही नाही, एकही शिक्का नाही

२ जुलै १९९१, मंगळवार

"टाउनशिपमधल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो! आपल्याला न विचारता काल आपला रुपया स्वस्त करण्यात आला आहे!"

मराठी मंडळातल्या भाषणाची सुरुवात अशी करावी. 'न विचारता'वर थांबायचं. टाळ्या पडल्या की पाणी प्यायचं.

मतं मागायला आले तेव्हा तिजोरी रिकामी आहे असं एकही उमेदवार बोलला नाही. जीपवर लाऊडस्पीकर होता, तरी. आता पेपरात येतं की परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल. म्हणजे एकच आठवडा. सरकारी दिलाशाला मी नेहमी तीननं भागतो.

४ जुलै

रुपया काल पुन्हा खाली. तीन दिवसांत दोनदा. एकदाच का नाही? पहिल्यांदा कोण ओरडतं ते बघून घेतलं. कोणी ओरडलं नाही. मी ओरडलो असतो, पण मंडळाची सभा चौदा तारखेला आहे.

संकल्प: चहा बंद. चहा निर्यातीचा माल. मी रोज सहा कप पितो. तेवढे डॉलर देशाला.

सुमित्रा म्हणाली, "साखर पण बंद करा, म्हणजे डब्यात उरेल." बावीस वर्षांच्या संसारात तिला अर्थशास्त्र समजलेलं नाही.

५ जुलै

शेजारी दत्तूकडे दोन कप चहा. तो आधीच उकळलेला होता. उकळलेला चहा निर्यात होत नाही.

९ जुलै

देशाचं सोनं परदेशात गहाण! पेपरात पहिल्या पानावर. आमच्या खात्यातला शिपाईसुद्धा बायकोच्या पाटल्या गहाण टाकायच्या आधी तिला सांगतो. मी मतदार. मला कोणी सांगितलं?

आणि सोनं गेलं की पुढे काय जाणार? सरकारी कारखाने. म्हणजे आपण. दत्तूला हे समजावलं. तो म्हणाला, "नरहरराव, तुम्ही दिल्लीत हवे होतात." खरं आहे. मी ड्रॉइंग सेक्शनमध्ये आहे.

१२ जुलै, शुक्रवार

आज पुरावा हातात आला.

कारखान्याच्या नगर प्रशासन विभागातून कागद. मोठ्या क्वार्टरसाठी अकरा वर्षांपूर्वी अर्ज केला होता, आता माझा नंबर लागला म्हणे. डी टाइप, तीन खोल्या. सोबत स्वीकृतिपत्र. ३१ तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत सही करून खिडकीवर द्यायचं, शिक्का मारून घ्यायचा. नाही दिलं तर नंबर पुढच्याला.

अकरा वर्षं नाही आणि नेमका आत्ताच कसा? तिजोरी रिकामी असताना क्वार्टर वाटतात? तीनदा वाचलं तेव्हा सातवी अट सापडली : 'कंपनी के नियमों में समय-समय पर होने वाले परिवर्तन मुझे मान्य होंगे.' सगळं आलं यात. आज क्वार्टर देतील, उद्या नियम बदलून म्हणतील, स्वेच्छेनं घरी जा, तुम्हीच सही केलीय.

फॉर्म घरच्या डिक्शनरीत ठेवला. सुमित्राला सांगितलं नाही. योग्य वेळी सांगावं.

रात्री जेवताना ती म्हणाली, "आला ना कागद? दत्तूभाऊजींच्या वंदनानं सांगितलं." लेक कांचन एकदम उठून मला बिलगली. आमच्या सी टाइपमध्ये दोन खोल्या. एकीत मी वाचतो, दुसरीत रेडिओ आणि पाहुणे. पोरगी बारावीला, वर पीएमटी, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा. अभ्यासाला स्वयंपाकघरात बसते, गॅसच्या ओट्याला पाठ लावून. एकाग्रता उत्तम होते असं माझं निरीक्षण आहे.

१४ जुलै, रविवार

सभा जोरदार. पंचवीस खुर्च्या मांडल्या होत्या, त्यातल्या सोळा भरल्या. पन्नास मिनिटं बोललो. रोमचं साम्राज्य, नाण्यातली भेसळ, सातवी अट. शेवटी शपथ घेतली : संकट टळेपर्यंत व्यवस्थापनाच्या एकाही कागदावर सही करणार नाही. सगळ्यांनी हात वर केला. सुभाषनं तर दोन्ही.

सुभाष क्वार्टरच्या यादीत माझ्या खालच्या नंबरवर आहे. तरी केवढा निःस्वार्थीपणा! बाहेर माझा हात धरून म्हणाला, "नरहरराव, तुमच्यासारखा माणूस टाउनशिपला परत मिळायचा नाही. डटे रहो. मी पाठीशी आहे."

सुमित्रा पहिल्या रांगेत होती. तिनं हात वर केला नाही. भाजीची पिशवी असावी.

१९ जुलै

घरात कोणी बोलत नाही. अभ्यासाला शांतता मिळते.

मायलेकी संध्याकाळी डी टाइपकडे फिरून आल्या. कुलूप आहे, खिडकीतून बघितलं. कांचननं बाहेरून पावलं टाकून तिसरी खोली मोजली. "बाबा, टेबल बसतं. टेबल बसून दार पण उघडतं."

मी तिला सातवी अट समजावली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, आणि जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन ओट्याखाली बसली.

२४ जुलै, बुधवार

बजेट. अर्थमंत्र्यांचा आवाज फार मृदू. मला मृदू आवाजाचा संशय येतो. ओरडून मागणाऱ्याला माणूस नाही म्हणतो, हळू मागणाऱ्याला देऊन बसतो. गॅस महाग, पेट्रोल महाग. म्हणे सगळ्यांनी थोडा त्याग करावा. त्यागाची आज्ञा देणाऱ्याच्या मागे नेहमी पंखा फिरत असतो.

आमचे जनरल मॅनेजर खर्च कसा कमी करावा या बैठकीला दिल्लीला गेले. विमानानं.

२७ जुलै

दत्तूनं रजा-प्रवासाच्या फॉर्मवर सही केली. शपथेचं काय, विचारलं. म्हणाला, "ती मराठीतून होती, फॉर्म हिंदीत होता." वंदना आतून हसल्याचा आवाज आला. चहा न पिता परत आलो. अर्धाच प्यायलो.

२९ जुलै, सोमवार

सुमित्रानं आज सकाळी डिक्शनरी माझ्या ताटाशेजारी ठेवली. वाढलं नाही. म्हणाली, "अहो, देशाचं सोनं गहाण ठेवताना तुम्हाला विचारलं नाही, त्याचा इतका राग येतो ना? मग आमची खोली घालवताना मला आणि पोरीला विचारलंत का?"

मुद्दा चुकीचा आहे. चार वाजेपर्यंत ड्रॉइंगच्या पाठीवर त्याचं खंडन लिहीत होतो.

कांचन कुकरची वाफ लागून हात पोळून बसली. थोडंसंच. उजवा हात.

निर्णय : सही करतो. माघार नव्हे. शत्रूच्या गोटात शिरल्याशिवाय त्याचा डाव कळत नाही. सोबत सातव्या अटीवर निषेधपत्र जोडणार. चार पानं.

घरी सांगितलं. सुमित्रानं वाढलं. शिरा केला होता, म्हणजे तिनं आधीच गृहीत धरलं होतं. हेही संशयास्पद.

३० जुलै

युनियनचे लोक घरी आले. उद्या दुपारच्या सुट्टीत गेट मीटिंग, त्यांच्या वक्त्याचा घसा बसलाय, मी बोलू का? कारखान्याच्या गेटवर! चार हजार माणूस! होय म्हणालो.

उद्याचा कार्यक्रम : साडेबारा भाषण. दोन वाजता फॉर्म. वेळच वेळ.

३१ जुलै, बुधवार, दुपारी १.३०

न भूतो. हिंदीत बोललो. लोक सायकली धरून थांबले होते. शेवटी आपोआप तोंडातून आलं : "आज तीन बजे के बाद इस कारखाने में एक भी दस्तख़त नहीं होगा, एक भी ठप्पा नहीं लगेगा!" युनियनवाले दचकले. ते त्यांच्या ठरावात नव्हतं. टाळ्या मात्र पडल्या.

गेटपाशी थोडा थांबतो. अभिनंदनाला लोक येतील.

दुपारी ४

लोक आले नाहीत, भोंगा झाला होता. समोसा खाल्ला. निषेधपत्राचं चौथं पान राहिलं होतं, ते कॅन्टीनमध्ये बसून पूर्ण केलं. भाषा मवाळ उतरली म्हणून परत लिहिलं. खिडकीवर पोचलो तेव्हा तीन वाजून दहा.

खिडकीवर रमेश नावाचा कारकून. मला बघून उभाच राहिला. हात जोडले. मी फॉर्म पुढे केला. त्यानं शिक्का ड्रॉवरमध्ये ठेवला होता, कुलूप लावून.

"भाईसाब, तीन बज गए," तो म्हणाला. "आप ही ने तो कहा था."

मी म्हटलं, ते सर्वसाधारण अर्थानं होतं. शेजारच्या खिडकीवर धपाधप शिक्के पडत होते. ते दाखवलं. तो म्हणाला, "ये लोग तो ताली बजाके भूल गए. अपन ने दिल पे ले ली. बीस साल से ठप्पे मार रहा हूँ, किसी ने आज तक ये नहीं बोला कि इस ठप्पे में ताक़त है."

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. वीस वर्षं मी बोलतोय. माझं ऐकून काही करणारा हा पहिला माणूस.

पाचपर्यंत बसतो इथंच. पाण्यानं दगडही झिजतो.

संध्याकाळी ६

नाही झिजला. पाचला खिडकी बंद करून माझ्या पाया पडला. यादी उद्या दहाला वर जाते. पुढचा नंबर सुभाषचा. तो तिथंच बाकावर बसला होता, तिघांसाठी चहा मागवून. मला म्हणाला, "नरहरराव, आज मानलं तुम्हाला."

घरी सुमित्रानं विचारलं, दिलंत ना? हो म्हणालो. दिलंच होतं. घेतलं गेलं नाही.

कांचननं पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून दाराशी ठेवलेत. पोळलेल्या हातानं.

१ ऑगस्ट, सकाळी ६.४०

रमेश क्वार्टरवरून साडेआठला सायकलनं निघतो. वाटेत गाठायचा. मसुदा हिंदीत न करता मनात येईल तसा करतो, बोलताना बदलीन :

भाई रमेश, मी काल गेटवर जे बोललो ते सगळं खरं आहे. सरकारवर विश्वास ठेवू नकोस, मंत्र्यांवर ठेवू नकोस, माझ्यावर ठेवलास तो पुरे झाला. माझी मुलगी ओट्याखाली बसून शिकते. इतिहास, रोम, काही मध्ये आणत नाही. हा फॉर्म घे. चार पानं जोडली होती, ती काढून टाकलीत. दहाच्या आत ड्रॉवर उघड, शिक्का मार, आणि त्याच्याखाली कालची तारीख टाक.