धाकटीच्या नखासंबंधीचे कलम

माझे दुखणे बाहेर कळल्यापासून घरात आलेल्या वस्तू येणेप्रमाणे:

उन्हापासून बचाव करणारे मलम, बाटल्या तीन, मुलाने पाठवलेल्या, प्रत्येकी अकराशे पन्नास. रुंद काठाची टोपी एक, साडेसहाशे, तीही त्याचीच. मनाच्या ताकदीवरचे पुस्तक एक, नणंदेकडून. पहिल्या पानावरची किंमत खोडलेली आहे, पण उजेडात धरल्यावर दोनशे चाळीस वाचता येते. पाय दाबायचे विजेचे यंत्र एक, शेजाऱ्यांनी वर्गणी काढून, चार हजार दोनशे. डॉक्टरीणबाईंनी ते खोक्यातून काढूही नका म्हणून सांगितले. फळे भरपूर. त्यांतली निम्मी सडली. आणणाऱ्यांनीच बसून खाल्ली असती तर बरे झाले असते, पण ते "तुम्हालाच हवी" म्हणून ठेवून गेले.

माझा मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर, डाव्या टाचेच्या तळाला निघाला. तिथे एकसष्ट वर्षांत ऊन पोचलेले नाही. हे मी मुलाला फोनवर दोनदा समजावले. त्यानंतर मलमाची तिसरी बाटली आली.

या सगळ्याचीही पुढे वाटणी करावी लागणार हे पाहून लिहायला बसले.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, शिक्षण मॅट्रिक, व्यवसाय घरकाम, देवाला स्मरून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. टाच ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला टाच लागत नाही असे वकिलांनी सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर न लिहिण्याचा आहे, जो येतो तो "आत्तापासून कशाला हे?" म्हणतो. कधीपासून लिहायचे ते मात्र कोणी सांगत नाही.

कलम १. दुखण्याची हकीकत. वारसांनी डॉक्टरांना सांगताना घोटाळा करू नये म्हणून लिहिते. आमचे हे रंगारी. कामावरून आले की डबे, ब्रश, पायांचे ठसे सगळे घरात. टाचेला काळा ठिपका दिसला तेव्हा मी तो ऑइलपेंटचा थेंब समजले. टर्पेंटाइनमध्ये बोळा बुडवून घासला. निघेना, तेव्हा वजरीने घासला. असे आठ महिने. रोज यांना ऐकवायची, की अहो, पाय पुसून आत या. हे म्हणायचे, काळा रंग मी तीन वर्षांत हातात धरलेला नाही. मी म्हणायची, मग तो काय चालत आला? एक दिवस बोळ्याला रंगाऐवजी रक्त लागले, तेव्हा दवाखाना गाठला.

टाचेचा डबीच्या झाकणाएवढा भाग काढला आणि मांडीची कातडी आणून तिथे ठिगळ लावले. जांघेतल्या दोन गाठी काढून तपासल्या, एकीत दुखणे पोचलेले होते. आता दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध, वर्षभर. औषधाने अंगाला खाज सुटते, आणि भाकरीचे पीठ मळावे एवढ्या कामाने मी डोंगर उतरल्यासारखी दमते. उभे राहताना वजन कुठे टाकायचे हा प्रश्न एकसष्टाव्या वर्षी नव्याने सोडवते आहे.

कलम २. घर. घरातला माझा अर्धा हिस्सा यांना, यांच्यामागे मुलाला. घराला एकदा तरी रंग द्यावा. सगळ्या गावच्या भिंती रंगवणाऱ्या माणसाच्या घराला तीस वर्षांत ब्रश लागलेला नाही. हे मी आधी प्रेमाने, नंतर रागाने आणि आता कायद्याने सांगते आहे.

कलम ३. माझी पाठ. पाठीवरचे तीळ मला दिसत नाहीत. ते दर महिन्याला कोणीतरी पाहायला हवेत, असे म्हणून डॉक्टरीणबाईंनी यांच्याकडे बोट दाखवले. लग्नाला अडतीस वर्षे झाली, पण दिवसाउजेडी पाठ उघडी टाकून बसायची पाळी कधी आली नव्हती. पहिल्या वेळी हे खिडकीबाहेर बघत उभे राहिले. म्हटले, अहो, तीळ खिडकीत नाहीत. मग यांनी रंगांच्या छटांचा तक्ता आणला, एकेका तिळाशेजारी धरला आणि नंबर टिपून घेतले. आता दर महिन्याला तोच तक्ता घेऊन बसतात आणि भिंतीबद्दल बोलावे तसे सांगतात, "डाव्या खांद्याखालचा गेल्या खेपेचाच आहे, काही फरक नाही." एवढा आनंद यांच्या आवाजात मी आमच्या लग्नातही ऐकला नव्हता. यांची पाठ मी पाहते, माझ्यामागे ती मुलाने पाहावी. तक्ता कपाटावर आहे.

कलम ४. रडणे. आई अजिबात रडत नाही, असे मुलाने सगळीकडे सांगून ठेवले आहे. मी रडते. न्हाणीघरात नळ सोडून रडते, म्हणजे बाहेर ऐकू जात नाही. पाण्याचे बिल फुगल्यावर मी नियम केला, की बादली भरेपर्यंतच रडायचे. बादली भरली की नळ बंद, आणि त्याच पाण्याने फरशी पुसायची. तपासणीचा आठवडा आला की आमची फरशी आरशासारखी असते. माझ्या मागे पेपरात निधनाची जाहिरात दिलीच तर "दुर्धर रोगाशी झुंज दिली" हे शब्द घालू नयेत. मी कोणाशी झुंजले नाही. टाके निघेपर्यंत पाय उशीवर ठेवून पडून होते आणि छताला गेलेली चीर मोजत होते.

कलम ५. देव. देवाशी माझे बोलणे चालू आहे, पण कामापुरते. खाली बसता येत नाही म्हणून खुर्चीवर बसून प्रार्थना करते, आणि खुर्चीवरून बोलताना आवाज जरा चढतो. त्याला सवय होईल. माझ्या प्रार्थनेचे पुस्तक यांनी ठेवावे. वाचणार नाहीत हे मला माहीत आहे, पण धूळ झटकतील.

कलम ६. नणंद. तिचे पुस्तक तिला परत द्यावे. त्यात लिहिले आहे की मनात साठलेल्या रागाने असली दुखणी होतात. तसे असते तर तिचा भाऊ इतकी वर्षे जिवंत राहिला नसता. मलमाच्या तीनही बाटल्या तिलाच द्याव्यात, तिला उन्हात हिंडायची आवड आहे.

कलम ७. आईचे टेबल. आमची आई लोकांचे कपडे शिवायची. कापड बेतायचे तिचे मोठे टेबल होते, त्याच्या दोन टोकांना बसून मी आणि धाकटी बहीण शिवण शिकलो. मी लग्न करून सुटले, धाकटी शिंपीण झाली. आई गेली तेव्हा धाकटीच्या खोलीत टेबल मावेना म्हणून ते "तात्पुरते" माझ्याकडे आले. त्याला एकोणीस वर्षे झाली. मधल्या काळात तिने मोठी जागा घेतली, एकदा टेबल मागितले, मी "बघू" म्हटले, आणि यांनी त्यावर रंगाचे डबे मांडले. आली की ती त्या डागांवरून तळहात फिरवते आणि काही बोलत नाही. ते न बोलणे मी इतकी वर्षे ऐकते आहे. आता यांच्याकडून टेबल तासून घेतले आहे. ते धाकटीचे. अट पुढील कलमात.

कलम ८. धाकटीचे नख. हे सगळ्यात महत्त्वाचे. बाकीचे नीट वाचले नाही तरी चालेल.

मी इस्पितळात असताना धाकटी जवळ बसून सफरचंद कापत होती. ती डावरी. सुरी धरलेल्या डाव्या अंगठ्याच्या नखात मला काळी रेघ दिसली, मुळापासून टोकापर्यंत, आणि मुळाशी कातडीवरही काळे उतरलेले. विचारले, हे काय? म्हणाली, अंगठा मशीनमध्ये सापडला होता. कधी? झाली की दोन वर्षं.

"दोन वर्षांत नख वाढून कापलं गेलं असेल ना? रेघ तिथेच कशी?"

"ताई, तुला झालंय म्हणून सगळ्यांना वाटत बसू नकोस."

मी डॉक्टरीणबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, रक्ताच्या नात्यातल्यांनी एकदा अंग दाखवून घ्यायचेच असते, पण ही रेघ तर लगेच आणा. पुढच्या खेपेला धाकटी आली ती अंगठ्याला गडद नेलपॉलिश लावून. जन्मात तिने नेलपॉलिश लावलेले नाही. मी नुसते पाहिले, तर त्याच्या पुढच्या खेपेला दहाही बोटांना. तिच्या पाठीमागे हे म्हणाले, आत ओल असली तर वरून रंगाचे किती का हात माराल, पोपडा धरणारच. मी म्हटले, मला काय सांगता, तिला सांगा. यांनी तिला चहा हवा का विचारले.

मग मीच तिला आमच्या जिन्यात गाठले, काठी आडवी धरून. ती ओरडली नाही. पायरीवर बसली.

"ती बाई नख बघणार, मग तुकडा काढणार, मग म्हणणार अंगठाच काढू. मी कात्री कशाने धरू, ताई? दाताने?"

"आणि नाही दाखवलंस तर?"

"तर आजचं काम आज होतंय."

त्यावरचे उत्तर मला सुचले ते नंतर, टाचेचे ड्रेसिंग चालू असताना, आणि तोवर तिने माझा फोन उचलायचे बंद केले होते. म्हणून ते इथे लिहिते. मी आठ महिने टाच घासत बसले होते, तेव्हाही आजचे काम आज होत होते. भांडी होत होती, स्वयंपाक होत होता, यांच्याशी भांडणही वेळेवर होत होते. आणि खाली ते टाचेतून जांघेत निघाले होते. लवकर आला असतात तर कापणे लहान झाले असते, हे डॉक्टरीणबाई माझा पाय हातात धरून म्हणाल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना. धाकटीच्या नखात कदाचित काहीही नसेल. साधा तीळ असेल, जुने रक्त असेल. पण ते ठरवायला शिंपीण पुरत नाही, आणि मॅट्रिकही पुरत नाही. असलेच काही, तर आज किती कापावे लागेल आणि दिवाणावर पडून राहण्याइतका उशीर केल्यावर किती, यात फरक आहे. तो फरक माझ्या टाचेला आहे. कोणालाही बघायला मिळेल, पट्टी सोडून दाखवते.

तेव्हा माझ्या नावावरची मुदत ठेव मी मोडली आहे. तिचे काम बंद राहील तेवढे महिने तिच्या जागेचे भाडे आणि घरखर्च त्यातून द्यावा. उरले तर अंगठ्याशिवायही डाव्या हाताला जमेल तशी कात्री करून देणारा कोणी मिळतो का पाहावे. टेबल, ठेव, सगळे तिला, अट एकच: नेलपॉलिश पुसून तिने ते नख डॉक्टरीणबाईंना दाखवावे. न दाखवल्यास टेबल नणंदेला जाईल. नणंद त्यावर शोभेची झाडे ठेवील आणि पाणी घालील. धाकटीने डोळ्यांसमोर ते चित्र आणावे.

हे कलम वाचून वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. हे मृत्युपत्रात बसत नाही."

मी विचारले, "तोवर नख थांबेल का?"

ते म्हणाले, हे साध्या पत्रात लिहा. मी म्हटले, साधी पत्रे ती फाडते. शिक्का असलेला कागद फाडायला ती घाबरते, आईसारखी. वकिलांनी कलम खोडायला सांगितले. मी म्हटले, तुम्ही या कलमाची फी लावू नका, मी ते ठेवते. असे ते राहिले.

कलम ९. वर लिहायचे राहिलेले जे काही, भांडी, कपडे, टोपी, ते ज्याला हवे त्याने न भांडता घ्यावे. पाय दाबायचे यंत्र शेजाऱ्यांना खोक्यासकट परत करावे, म्हणजे पुढच्याला वर्गणी काढायला नको.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन ठिकाणी खाडाखोड करून आणि तिथे सही करून लिहिले आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष द्यायची नसते, असे वकील म्हणाले. ज्यांच्यावर भरवसा आहे त्या सगळ्यांना मी काही ना काही दिले असल्यामुळे साक्षीला पुढील दोघे उरले.

साक्षीदार पहिले: कोपऱ्यावरचे वाणी. (सही. मजकूर वाचला नाही, वजन करून बघितला.)

साक्षीदार दुसऱ्या: ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सबाई. (सही. मजकूर वाचला, कलम आठ दोनदा.)

लिहून देणार: सही.

ठिकाण: स्वयंपाकघर, पाय स्टुलावर. दिनांक अकरा जून, मंगळवार.

या कागदाची नक्कल धाकटीला टपालाने. तिच्यासाठी खालील ओळी:

मी मेलेले नाही, घाबरू नकोस. गेल्या तपासणीत नवीन काही निघाले नाही. मला पुढच्या वर्षीही तुझ्याशी भांडायचे आहे, आणि त्यासाठी तू लागशील. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी नऊची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. टाच तुझे तीन जिने चढत नाही, तेव्हा मी खाली गाडीत बसून असेन. दवाखान्यात आत दोघी जाऊ. तुकडा काढायचा म्हणाल्या तर दुसरा हात मी धरीन, आणि त्या वेळी काही शिकवणार नाही, शब्द देते.

येणार असलीस तर 'येते' एवढेच लिही. 'नाही' लिहायचे असेल तर तेही लिही. डाव्या हाताने लिहिशील, अंगठा डोळ्यांसमोर असेल. काय ते उलट टपाली कळव.