पाठीवर मावेल तेवढंच

४ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

आशीर्वाद. सहा फुटी घोडा झालास, कानशिलं पांढरी व्हायला लागली, तरी लेखणीतून हेच नाव उतरतं. त्याला माझा इलाज नाही. मी ठीक आहे. रक्तदाब ताब्यात आहे. गिझर पुन्हा बिघडला होता, दुरुस्त करून घेतला. समोरच्या जज्जसाहेबांनी ऐकायचं यंत्र बसवून घेतलंय, त्यामुळे आता त्यांच्याविषयी जिन्यात काही बोलायची सोय उरली नाही.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि मला काय सांगायचं होतं तेच मी विसरते. तर सांगायचं असं, की मी परदेशात निघाले आहे. सहलीच्या बसमधून नाही. पाठीवर सॅक घेऊन, पायी. तीन देशांतून जाणारी ती लांबलचक डोंगरवाट. पुढच्या महिन्याच्या शेवटी निघायचं आणि थंडी सुरू व्हायच्या आत परत. ती वाट तुला माहीत आहे, मी वर्णन करत बसत नाही.

हसायचं असेल तर हसून घे. दातांच्या डॉक्टरीणबाई आधीच हसल्यात. हलणारी दाढ काढून टाका म्हटलं तर म्हणाल्या, “एवढी घाई काय?” म्हटलं, “डोंगरात ठणकायला लागली तर तुम्ही येणार आहात का?” काढली मुकाट्याने.

तयारी जोरात आहे. सॅकमध्ये जुने शब्दकोश भरून रोज जिना चढते-उतरते. जज्जसाहेबांनी विचारलं, “घर बदलताय का?” कोण समजावत बसणार, म्हणून ‘हो’ म्हणून सुटले, तर संध्याकाळी ते एक भाडेकरू घेऊन हजर. बूट अर्धा नंबर मोठे घेतलेत, कारण दिवसभर चालून पाय सुजतात. दुकानात एक लाकडी उतार आहे, त्यावरून खाली चालायचं. अंगठा पुढे आपटला तर बूट परत. नवा रेनकोट घालून शॉवरखाली उभी राहिले. कोपर भिजलं, तोही परत. तंबू दिवाणखान्यात लावून पाहिला, एक दोरी सोफ्याच्या पायाला आणि एक फ्रिजला. आत जाणं सोपं आहे. बाहेर येताना आधी गुडघे, मग हात, मग पुन्हा गुडघे, आणि मध्ये थोडा विचार.

माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये हत्यारांचे ट्रे लावण्यात गेली. त्यामुळे सामान लावणं म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मला वाटत होतं. पण तिथला ट्रे पाठीवर घेऊन डोंगर चढायचा नसायचा. माझी सॅक तपासली गेली आणि दुसरा टॉवेल, गरम पाण्याची पिशवी, छत्री असं एकेक बाहेर आलं. छत्रीसाठी मी भांडले. उत्तर मिळालं, “वाऱ्यात ती उलटी झाली की तुम्ही छत्री धराल की तोल धराल?” छत्री परत खुंटीवर गेली. टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात खरं, पण विंचवाला कुणी वजनकाट्यावर उभं केलं नसेल.

एकटी जात नाही. सोबत आहे आणि पक्की आहे, काळजी नको. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी आई


१८ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

आशीर्वाद. परवा फोनवर जे बोललास आणि काल जे बोललास, दोन्हींचं उत्तर देते. आधी परवाचं.

मामाने सांगितलं तर. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असून मी त्याला सांगितलं; बहुधा त्याने तुला सांगावं म्हणूनच. एवढं मोठं पत्र लिहिलं आणि माझी सॅक कोण तपासतंय ते गाळलं. तर आता लिहिते. मी तुझ्या बायकोबरोबर निघाले आहे. तुम्ही दोघांनी लग्नापासून ज्या वाटेचा नकाशा भिंतीवर लावून ठेवला होता, त्याच वाटेवर.

“तू माझी आई आहेस की तिची?” असं ओरडलास. तुझी आई आहे. म्हणून तर तू घर सोडून दुसरीकडे संसार मांडलास तेव्हा तुला या घरचं दार बंद केलं नाही. आणि तिची सासू आहे. तू तुझं नातं तोडलंस, माझं नाही. गेलं वर्षभर दर रविवारी माझ्याकडे कोण जेवायला येतं ते तू विचारलं नाहीस, म्हणून मीही बोलले नाही.

हे ठरलं कसं तेही ऐक. एका रविवारी ती तुझी सॅक, काठ्या, डोक्याला लावायचा दिवा असं सगळं घेऊन आली. म्हणाली, “हे त्याचं. तुमच्याकडे राहू दे. मी एकटीच जाऊन येणार आहे.” पुलांच्या तपासणीसाठी दोरीवर लोंबकळणारी मुलगी ती, ‘एकटी’ म्हणताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. ती स्वयंपाकघरात गेली. मी सॅक माळ्यावर टाकायला उचलली, शिडी आणायला वळले, आणि काय वाटलं कोण जाणे, पाठीला लावली. आरशापुढे उभी राहिले. ती दारात येऊन बघतेय हे मला कळलंच नाही.

“पट्टे आखूड करावे लागतील,” ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी मी पट्टे आखूड करून आणले. जो भेटेल त्याला सांगत सुटले, की पोरीला सोबत हवी ना, म्हणून जातेय.

आता कालचं. काल तू ओरडला नाहीस. तिकडचं सगळं संपलं म्हणालास, भाड्याच्या खोलीत राहतोस म्हणालास. चूक झाली म्हणालास. मग म्हणालास, “आई, तू थांब. तिच्याबरोबर मी जातो. इतके महिने बरोबर चाललो की होईल सगळं नीट. तू तिला समजाव, तुझं ऐकते ती.” लहानपणी ताप चढला की तुझा आवाज असाच व्हायचा. मी “सांगते” म्हणाले.

फोन ठेवला आणि सॅक उघडून माझे मोजे बाहेर काढायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालत होते. मोजे, मग लोकरी टोपी, मग औषधांची पिशवी. अर्धी सॅक रिकामी झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिला अजून काही सांगितलेलं नाही आणि आपण मात्र घरी बसलोसुद्धा.

अजूनही सांगितलेलं नाही. भिजत घोंगडं ठेवायचा माझा स्वभाव नाही, तुला माहीत आहे. पण शब्द तोंडाशी येतात आणि मागे जातात. सांगेन.

तुझी आई


७ मार्च

चि. टिल्लू,

आशीर्वाद. बरी आहे. टाचेला फोड आला होता, आता चिकटपट्टी आधीच लावून निघते. इंजेक्शनं झाली. विम्याची भानगड एकदाची मिटली.

तिला सांगितलं.

रविवारी पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर पूर्ण वजन घेऊन चढायचा सराव होता. वर पोचल्यावर मी धापा टाकत दगडावर बसले आणि त्याच दमात तुझं सगळं बोलणं तिला सांगितलं. एक शब्द खाल्ला नाही, पदरचा एक घातला नाही. तू चूक झाली म्हणालास तेही सांगितलं. तो शब्द ऐकून ती खाली वाकली. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली.

“तुम्ही काय म्हणालात त्याला?”

“सांगते म्हणाले.”

“आणि तुमचं काय?”

“माझं काय घेऊन बसलीस. मी होते बाजूला. तुमचं जुळत असेल तर मी कशाला मध्ये? माझ्या गुडघ्यांनाही बरं.” मी हसले. ती हसली नाही.

“आई, त्याच्याशी काय बोलायचं ते मी परत आल्यावर ठरवेन. कदाचित बोलेन, कदाचित नाही. आत्ता त्याच्याबरोबर मी चालणार नाही. तुम्ही आला नाहीत तर एकटी जाईन, ते ठरलेलंच होतं. पण तुम्ही माझी कीव येऊन येत असाल ना, तर खरंच नका येऊ. मला रोज संध्याकाळी तंबूत कुणाचे उपकार नकोत.” नाडी ओढून तिने गाठ मारली. “तुम्हाला जायचंय का?”

त्याला जायचंय, तिला जायचंय, तुझ्या बाबांना अमुक हवंय, डॉक्टरांना तमुक कात्री हवीय, हे मला न मागता कळतं. समोरच्याने हात पुढे करायच्या आत कात्री त्याच्या हातात ठेवण्यातच माझं नाव होतं. स्वतःचा हात पुढे करायची वेळ आली तर नेमकं काय मागायचं, तेच सुचेना. तिने मदतीला एक शब्द पुढे केला नाही. दुष्ट आहे.

शेवटी “जायचंय!” असं म्हणाले, पण ते इतक्या जोरात आलं, की खाली एक माणूस कुत्रं घेऊन फिरत होता ते कुत्रं भुंकायला लागलं. मग मात्र आम्ही दोघी हसलो. हसता हसता मला रडू आलं. तिने पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, “चला मग, उतरताना गुडघे वाकवून उतरा.”

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. तिचं ‘नाही’ आहे, आणि माझंही आहे. तिचं मी फक्त कळवतेय. माझं मी देतेय. तुला नाही म्हणायची मला सवय नाही, त्यामुळे ते जरा आडदांड वाटलं तर सांभाळून घे.

आणखी एक लिहायचं आहे, ते टाळत होते. तू घर सोडलंस त्याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं. पण तू गेला नसतास तर ती सॅक माझ्या पाठीला कधी लागली नसती, हेही खरं आहे. दोन्ही गोष्टी माझ्या मनात शेजारी शेजारी बसतात आणि भांडत नाहीत. आईने असं लिहावं का, मला माहीत नाही. तू आता मोठा आहेस, वाच.

त्या खोलीचं भाडं भरत बसू नकोस. इथे येऊन राहा. किल्ली जज्जसाहेबांकडे ठेवतेय. हळू बोललास तरी ऐकू येतं त्यांना आता. स्वयंपाकघरातला नळ डावीकडे घट्ट फिरवावा लागतो. माझ्या खोलीत झोप, तुझ्या खोलीत शब्दकोशांचा ढीग आहे. शेजारीपाजारी विचारतील, त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

मात्र एक पक्कं समज. वाटेत मी तुझी वकिली करणार नाही. तुझे निरोप तिच्याकडे नेणार नाही आणि तिचे तुझ्याकडे आणणार नाही. तुला जे म्हणायचं असेल ते तिला तू स्वतः लिही. त्यात ‘होईल सगळं नीट’ असं नको लिहूस. काय केलंस ते लिही, आणि थांब. उत्तर आलं तर आलं.

विमानतळावरही येऊ नकोस. राग म्हणून नाही सांगत. तू समोर उभा राहिलास, नुसतं “आई” म्हणालास, तरी मी खांद्यावरून सॅक उतरवेन. तेवढी मी कच्ची आहे अजून.

तुझ्यावर तितकाच जीव असलेली, पण या वेळी न थांबणारी,

आई