गिरणीवरची खोली

७ ऑगस्ट २०२५, गुरुवार

सापडली नाही! सकाळच्या जीपने डोंगर उतरून शहाद्याला गेलो, चार तास हिंडलो. दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कुठे भरते, कोणालाच माहीत नाही. एसटी स्टँडवरचा पानवाला सगळ्यांसमोर ओरडला, "बाबा, सुटत नही ती! कसाले चप्पल झिजाडस?" सगळे फिदीफिदी. टपरी उलथी पाडावीशी वाटली त्याची.

मग लेकीकडे. सुनिता दारातच आडवी उभी. माझी बायको रूपली आत होती. बांगड्या वाजल्या, पण बाहेर आली नाही. अडीच महिने झाले तिला घर सोडून. जाताना एवढंच म्हणाली— "या भट्टीच्या घरात राहिले तर मरेन मी." चाळीस वर्षांचा संसार, आणि भट्टीचं नाव घेऊन बोल लावते मला!

सुनिता पुन्हा तेच म्हणते, "बा, आधी त्या मीटिंगला जा. मग आईला न्यायला ये."

पोटची पोर अट घालते!

१४ ऑगस्ट

सापडली. सांगितली कोणी? देशी दारूच्या दुकानवाल्याने! "मांगली गल्लीमा, पिठाची गिरणी, तिन्हावरली खोली. मन्हा चांगला चांगला गिऱ्हाईक तठेच ग्यात," म्हणाला. वर तोंड करून.

नऊ माणसं, एक सतरंजी. चहा म्हणजे गढूळ पाणी. खालून गिरणीची घरघर. चुडामण म्हणून एक म्हातारा, केळीचा बागायतदार, हात जोडून उठतो— "मी चुडामण. मी दारुड्या शे. सहा वरीस व्हई ग्यात, थेंब नही." बाकीचे माना डोलावतात. लाज कशी वाटत नाही? मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "मी दिवाल्या. मला खोकला आहे."

हसले. हसा लेको.

२१ ऑगस्ट

गेलो. माझी पाळी आली, खोकत बसलो. चहा तसाच.

२८ ऑगस्ट

चुडामणने वाचायला कागद पुढे केला आणि लगेच मागे ओढला— "ऱ्हाऊ द्या, भाऊले वाचता येस का नही..."

हिसकावला! शाळेचं तोंड पाहिलं नाही मी. सुनिताच्या पहिलीच्या पुस्तकावरून अक्षरं गिरवली. पण पानभर वाचलं, कुठे अडखळलो नाही. वाचून झाल्यावर कळलं— दारुड्याची कबुली माझ्याच तोंडून वदवून घेतली! लबाड म्हातारा.

चौदा दिवस घेतली नाही. बोटांना सदऱ्याचं बटण सापडत नाही. यांच्यासाठी नव्हे हे. रूपलीसाठी.

४ सप्टेंबर

भांडलो आज. रविवारी आमच्याकडे नवाई. नवा मका देवाला दाखवल्याशिवाय आम्ही तोंडात घालत नाही. घरातल्या थोरल्याने पूर्वजांची नावं घेत मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडायची, उरलेला घोट स्वतः घ्यायचा. त्याशिवाय कोणी कणसाला हात लावत नाही. चुडामण म्हणे, "एक घोटबी नको."

मी ताडकन उठलो. "तुमच्या देवाला पेढे चालतात, आमच्याला दारू लागते! तुम्ही कोण मोडणारे?"

तो शांत. "देवले पाज ना भाऊ. पन देवना वाटा तू कसाले पेस?"

जिना उतरताना दहा शिव्या सुचल्या.

७ सप्टेंबर, नवाई

एरवी नवाईची दारू रूपलीच गाळायची. पहिली धार पडली की बोट बुडवून चाखायची. मग वाटीने. "अजून कडक नाही," म्हणून पुन्हा वाटीने. तिच्यासारखी पारख पाड्यात कोणाला नाही. यंदा भट्टी थंड. धाकटा भाऊ सुकलाल बाटली घेऊन आला.

आणि रूपली आली! सुनिताबरोबर. कुडाला टेकून बसली.

पानाच्या द्रोणातून धार सोडली. आजा, पणजा, कोणाला विसरलो नाही. एक घोट उरला— माझा. सगळे बघताहेत. वास नाकात. तोही ओतला जमिनीवर.

सुकलाल खवळला. "दादा, पूर्वज कोपतील!"

"का कोपतील? माझा वाटाही त्यांनाच दिला!"

कणीस मोडून खाल्लं. मग एकेकाने हात पुढे केला.

वाटलं, आता रूपली म्हणेल, आले मी घरी. पण ती त्या ओल्या मातीकडेच टक लावून बसलेली. उठली, निघून गेली. अजून काय करू या बाईसाठी? जीव काढून देऊ? चुडामणच्या मीटिंगला आग लागो!

११ सप्टेंबर

शहाद्याला जीपमधून उतरलो तर रूपली उभी. "मलाही ने," म्हणाली.

नऊ बाप्यांत ती एकटी बाई. चुडामणने सतरंजी झटकली, मागे सरकला. ती उठली, पदर सावरला. "मी रूपली. तीस वर्षं चाखतेय. घर सोडलं ते याच्यामुळे नाही. भट्टी दिसली की मला राहवत नाही."

मग माझी पाळी आली. खोकला आला नाही.