तीनशे वजा एकशे अठ्ठेचाळीस

प्रिय चिंगे,

अक्षराला हसू नकोस. फोनवर मी नुसती ओरडले असते आणि तू फोन ठेवून दिला असतास, म्हणून कागद घेतलाय. सकाळपासून चारदा बसले, चारदा उठले. मधे मशीनवर बसले तर एका झग्याला बाही उलटी लावली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. उसवतेय आणि तुझ्यावर चिडतेय.

काल तुझी आई येऊन बसली होती. नुसती रडारड. तू म्हणे शिक्षिकेची पदवी अर्धवट सोडतेयस, शुक्रवारी नाव काढायचा अर्ज देणारेस. मी म्हटलं, ताई, आधी नाक पूस आणि नीट सांग. मग कळलं की सराव पाठ फसला. तिसरीच्या वर्गात तू वजाबाकी शिकवत होतीस, मागच्या बाकावर तुमच्या विद्यापीठातल्या मॅडम वही घेऊन बसलेल्या. फळ्यावर तीनशे वजा एकशे अठ्ठेचाळीस. तू सांगितलंस, शून्यातून आठ जात नाहीत, शेजारच्याकडून उसना घ्यायचा. तर एक कार्टी उठून म्हणाली, बाई, शेजारीपण शून्यच आहे, तो देणार कुठनं? आणि तू म्हणालीस, नियमच आहे तसा. झालं. मॅडमनी वहीत लिहिलं, मुलांना समजले की नाही हे पाठ घेणारीला कळत नाही. एवढ्या एका ओळीवर दोन वर्षं टाकून निघालीस? वा गं वा! माझ्या शिवणीला लोकांनी काय काय नावं ठेवली, मी काय मशीन भंगारात दिलं?

पण ताई पुढे जे बोलली त्यानं मला बसवेना. तू म्हणालीस म्हणे, घरी तयारी चोख झाली होती, मावशीला एकदा समजावलं तर तिनं पटकन उत्तर दिलं. धड तिसरी पास नसलेल्या मावशीला कळतं आणि वर्गाला कळत नाही, म्हणजे माझ्यातच खोट आहे. हे ऐकलं आणि गिऱ्हाईक यायचंय सांगून ताईला घालवूनच दिली. कुणी यायचं नव्हतं.

आठव तो दिवस. मी कापायच्या टेबलाशी उभी, तू माझ्याच खडूनं टेबलावर आकडे मांडलेस. खडूचं वाटोळं केलंस ते सोड. शतक मोड, दशक सुटा कर, असं काय काय चाललं होतं तुझं, मी आपली हं हं करत होते. मग विचारलंस, सांग किती? मी म्हटलं, एकशे बावन्न. तशी उडी मारून गळ्यातच पडलीस. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, ते बघायचं भान तुला कुठलं!

आता ऐक. मी ते तुझ्या रीतीनं केलंच नव्हतं. तीन मीटर कापडातून एकशे अठ्ठेचाळीस सेंटीमीटर कापलं तर उरलं किती, हे मी रोज करते. एकशे अठ्ठेचाळीसवर बोट ठेवायचं, दोन पुढे गेलं की दीडशे, तिथून तीनशेपर्यंत आणखी दीडशे. संपलं. तुझं ते शून्य खोडून नऊ करणं मला ओ की ठो कळलं नव्हतं. त्या कार्टीनं विचारलं ना, तेच माझ्याही तोंडाशी आलं होतं. मी गिळलं.

घरच्या कामापायी मावशीची शाळा सुटली असं तुझी आई सांगते. काम होतं, पण तेवढं नव्हतं. ह्याच शून्यापाशी बाईंनी मला तीन दिवस फळ्यासमोर उभं केलं होतं. तिसऱ्या दिवशी मी समजलं म्हटलं आणि जागेवर जाऊन बसले. चौथ्या दिवशी गेलेच नाही. तेव्हापासून डॉक्टर सांगो नाहीतर बँकेतला साहेब, मी आधी समजलं म्हणून मोकळी होते. तुलाही तेच म्हटलं.

एवढंच लिहायला इतका वेळ लागला बघ. तुझा पाठ मी बिघडवला. टेबलाशीच विचारलं असतं तर तू डोकं खाजवून काहीतरी शोधलं असतंस आणि त्या पोरीला वर्गात सांगितलं असतंस. मॅडमचं मात्र खरंय, समजलं म्हणणाऱ्याचं तोंड तुला वाचता येत नाही. मग तेच शिक की! माझ्यासारख्या पाच-सहा प्रत्येक वर्गात निघतील, त्यांच्याकडे कोण बघणार? गुरुवारी ये. दुकान बंद ठेवते. शून्याचं नऊ कसं होतं ते पहिल्यापासून सांग. ह्या वेळी नाही कळलं तर नाही कळलं म्हणेन, तुला वीट येईपर्यंत म्हणेन. कळलं, तर तो अर्ज माझ्यासमोर फाडायचा. नाही कळलं, तर शुक्रवारीही यावं लागेल.

तुझीच,
घाईतली मावशी