दोष आयसिंगचा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (लिहूनच घालतोय, प्रत्यक्ष घालायचा तर माझ्या आधी पोट जमिनीला टेकेल.) तुझी तब्येत बरी असेल आणि भाऊजींचा गुडघा रुसवा सोडून चालू लागला असेल, असं धरून चालतो. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू ओरडतेस. नर्स व्हायच्या आधीपासून तुझा आवाज दोन घरं ओलांडून जायचा, नोकरीत तर त्याला सरावच मिळाला. पत्रात ओरडायची सोय नाही. ही याचा फोटो काढून तुला पाठवील.

आधी जुनी गंमत सांगतो, म्हणजे नवी नीट कळेल. दारूचा थेंब न घेता माझं लिव्हर कामातून गेलं, हे तुला ठाऊकच आहे. (शेजारचे काका अजून प्रेमाने ‘आता तरी सोडा’ म्हणतात. मी ‘सोडतो’ म्हणतो, कारण घेतच नाही म्हटलं की ते माझ्याकडे फार दयेने बघतात.) त्यात मधुमेह. तर मागे एकदा दुकानात केकवर गुलाब काढत होतो. मध्येच साखर तपासायची आठवण झाली, म्हणून आयसिंगची पिशवी खाली ठेवली, बोट ॲप्रनला पुसलं, टोचलं आणि मशीनला लावलं. जो आकडा आला, तो पाहून मालकांच्याच तोंडचं पाणी पळालं. मला ॲप्रनसकट उचलून हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझी बोटं पाहिली, मला बेसिनपाशी नेलं आणि हातावर साबण ठेवला. परत मोजली तर साखर माणसात आलेली! अख्खा वॉर्ड हसला. एक झोपलेले आजोबा तर काय झालं ते विचारून घेऊन मग हसले. तेव्हापासून आपल्याकडे ठरूनच गेलं, की आकडा वाढला की दोष आयसिंगचा.

आता नवी. केकवर पाकळ्या पाडायचं नोझल असतं, टोकदार पत्र्याची टोपीच ती. गेल्या आठवड्यात ते माझ्या हातून निसटलं आणि बुटात गेलं असावं. असावं म्हणतो, कारण माझे तळपाय हल्ली मला काही कळवतच नाहीत. दिवसभर त्यावर उभा राहून मी एका लग्नाचा तीन मजली केक पुरा केला. घरी मोजा काढला, तो तळाशी लाल. मी म्हटलं, खायचा रंग सांडला असेल. हिने मोजा नाकाशी नेला आणि म्हणाली, रक्त आहे. आता पाय सुजलाय आणि लाली घोट्याच्या वर चढलीय. काल हिने लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवली होती, आज सकाळी लाली रेघेच्या पलीकडे. मी म्हटलं, रेघच वाकडी मारलीस. (रेघेतलं मला कळतं, तो माझा धंदा आहे.)

ताप मात्र नाही. थर्मामीटर दाखवत मी घरभर लंगडत फिरलो. त्यावर हिने लिव्हरच्या डॉक्टरांचं बोलणं काढलं. ते म्हणाले होते, लिव्हर असं आणि वर मधुमेह, म्हणजे जंतूंशी झगडायची ताकद आधीच कमी. अशा माणसाला ताप येईलच असं नाही. साखर चढते, दिवसा झोप येते, बोलणं भरकटतं. तेव्हा ताप नाही म्हणून घरात बसू नका. मला हे शब्दन् शब्द पाठ आहे, आणि मी घरातच बसलोय. साखर चढलीय खरी, पण ते आयसिंग. (हे लिहिताना मध्ये दोनदा डोळा लागला. पत्र कंटाळवाणं झालं असेल.) एकूण काळजीचं काही नाही. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : ही विचारतेय, पायाला लागल्यापासून तुम्ही दुकानाचं तोंड पाहिलेलं नाही, मग बोटावर आयसिंग आलं कुठून?

आणखी एक : आत्ता साबणाने हात धुतले. माझ्यावर भरवसा नाही म्हणून मग हिने धुऊन दिले, पुसले, आणि स्वतः टोचलं. आकडा तेवढाच आला. हिने गाडी बोलावली.

आणि हे शेवटचं : खाली गाडी आलीय. ही चपला घालून दारात उभी आहे आणि मी पेन सोडत नाही. ताई, मला भीती वाटतेय. मागच्या वेळी तिथे सगळे हसले होते. या वेळी कोणी हसणार नाही. हिच्या सांगण्याने माझा पाय उचलत नाही. तू फोन कर, आणि ओरड.