कंदिलाच्या हुकावरची बाटली

सातारा, ९ ऑक्टोबर २०२५

चि. उमास अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आता दवाखान्याचा झाला. तो अडवू नये म्हणून हे पत्र. सईच्या पायाच्या हाडात जंतू शिरलाय आणि शिरेतलं औषध तिला आता घरीच देणार, असं तुझ्या यजमानांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. रुग्णाने रुग्णालयात जावं ही रीत. रुग्णालयच रुग्णाच्या घरी मुक्कामाला आलं, हे आमच्या कुठल्या पोथीत नाही. बाटली टांगता कुठे? नर्सबाई चहा घेतात का? वीज गेली तर? दवाखान्यात पोर मुकी झाली होती, ती बोलते का? (हा प्रश्न पहिला समज.)

भाऊबीजेला येतोच.

लोभ आहेच, उत्तराने तो वाढव.
चिंतामण

सांगली, १४ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

सई बोलते. इतकं, की शिवांजली सिस्टर विचारतात, हिला गप्प बसायचं औषध आणू का. त्या कुपवाडहून स्कूटीवर येतात, हात धुतात, मग दंडातल्या नळीला औषध जोडतात. बाटली खिडकीतल्या आकाशकंदिलाच्या हुकाला. संध्याकाळी डॉक्टर फोनवर पाय बघतात. सिस्टर चहा घेतात, बिनसाखरेचा. आणि दादा, थेंब खाली पडायला वीज लागत नाही.

पण परवा घोळ झाला. पोर घरी आहे म्हटल्यावर अख्खी गल्ली बघायला आली. शेजारच्या धोंडुबाईंनी प्वार लय वाळली म्हणत मांडीवर घेऊन दृष्ट काढली, आणि त्यांना खोकला! रात्री ताप. तो उतरला, पण पुन्हा चढला तर भरती करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून फाटक वाजलं की सई दचकते. आता मी सर्दी-खोकल्याला उंबऱ्याबाहेर थांबवते. तुझ्या सोवळ्याला हसायचे ना मी? हस आता.

वहिनींना नमस्कार. माया असू दे.
उमा

सातारा, २५ ऑक्टोबर

चि. उमास आशीर्वाद.

साताऱ्याच्या स्टँडवर आलेली शिंक सांगलीपर्यंत बिनतिकीट आली, आणि सख्ख्या बहिणीने भाऊबीजेला मला अंगणात उभं केलं! देवघराच्या दारात तुला इतकी वर्षं अडवलं. बाहेरून काय दिसतं ते आता कळलं. खिडकीच्या गजांमागे तुझं निरांजन फिरत होतं आणि त्याच्यावर ती बाटली, थेंब थेंब. मी बघतच राहिलो. तुझ्या हुकमाने कुंकू स्वतःच लावलं, ते नाकावर उतरलं, तेव्हा सई जी हसली, ती ओवाळणी कुणी कुणाला घातली?

ताप आला का, एवढंच कळव. माझ्या शिंकेने जीव टांगणीला लागलाय.

रागावली नसशील, या भरवशावर
चिंतामण

सांगली, ३ नोव्हेंबर

मामाला सईचा नमस्कार.

आईने आज पेन मला दिलंय. ताप आला नाही. आज सिस्टरनी नळी काढली. केवढी लांब होती, मामा! ती दुखली नाही, चिकटपट्टीच दुखली. आता नुसत्या गोळ्या, आणि दवाखान्यात राहायचं नाही. भाऊबीजेला तू आणलेले पेढे आईने साबणाने धुवायचेच बाकी ठेवले होते.

हुक रिकामा झाला म्हणून बाबांनी तिथे कंदील लावलाय. दिवाळी संपली तरी.

आता तू ये, आत ये. शिंकलास तरी चालेल.

तुझी
सई