मोजणीआधीच्या बशा

४ मार्च
चि. धाकट्यास, अ. उ. आ.

फोनवर बोलायला गेलं की हे शेजारी येऊन कान लावून बसतात, म्हणून लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस, चौथीनंतर मला कुणी शाळेत पाठवलं नाही. ह्यांच्या टाचेवरची जखम सात महिने भरत नाही, अंगात साखर. मी बशा धुते त्या प्रयोगशाळेतल्या बाई नवी पट्टी माणसांवर लावून बघणार आहेत. ह्यांनी मला न विचारता सही केली.

बाईंच्या पडद्यावर तुझंच ते सॉफ्टवेअर असतं. निळे-तांबडे ठिपके, जिवंत मांसातली वीज म्हणे. बटण दाबलं की जखमेचं भोक मिटत जातं. माझा भाऊ हे बनवतो म्हटल्यावर बाई बघतच राहिल्या, जसा काही बशा धुणारीला भाऊच नसतो. लावू का पट्टी? हो किंवा नाही, एवढंच लिही. पाल्हाळ नको.

लोभ आहेच, तो उत्तर पाठवून दाखव.
ताई

१० मार्च
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पाल्हाळ नको म्हणालीस, म्हणजे ते लावायलाच हवं. सॉफ्टवेअर माझ्या एकट्याचं नाही, आम्ही चाळीस जण आहोत. ते फुकट आहे, आतलं सगळं उघडं आहे, कुणीही चूक दाखवावी. पेशीच्या आतल्या-बाहेरच्या विजेत फरक असतो. पट्टीने तो बदलला की मांस वाढायला लागतं. कसं वाढेल ते आम्ही पडद्यावर बघतो, मग तुमच्या प्रयोगशाळेत पाण्यातले चपटे किडे, तुकडा पडला तरी पुन्हा वाढणारे, कापून डोकं पडद्यावरच्यासारखंच फुटतं का ते मोजतात. तुमच्या नऊशे किड्यांत एकही वेगळा निघाला नाही. असं दुसरीकडे कुठेच झालेलं नाही, इथे सगळे तुमचं नाव घेतात.

तेव्हा हो. भाऊजींना सांग, आता माझे चार जिने न चढायची सबब चालणार नाही.

तुझ्या रागासकट लोभ राहू दे.
धाकटा

२ एप्रिल
चि. धाकट्यास, अ. उ. आ.

जखम अकराव्या दिवशी मिटली. हे बूट घालून गल्लीभर मिरवतात. पट्टी अजून महिनाभर ठेवायची आहे.

बाईंचं नाव झालं, माझं कोण घेणार? त्या नऊशे किड्यांच्या बशा मी सांभाळल्या. कामाला लागले तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, बशीत विचित्र काही दिसलं तर पाणी नासलं समज आणि ओतून टाक. मोजणीच्या आदल्या दिवशी दहातल्या दोन बशांत तरी दोन डोक्यांचे किडे निघतात. एखाद्याला शेपटीच्या जागीही डोकं. पाणी बदलायचं माझ्याकडे, मग बोलणी कोण खाणार? ओतून, बशी धुऊन मोकळी होते. बाईंना वाटतं, तेवढे मेले.

लोभ वाढव, चौकशा कमी कर.
ताई

६ एप्रिल
ती. ताईस, शि. सा. न.

फोन केला तर भाऊजी उचलतात, त्यांना हे सांगायची माझी हिंमत नाही. पट्टी आजच काढ. पाणी नासलं नव्हतं. ते किडे तसेच वाढले होते. पट्टी मांसाला वाढ म्हणते. ते योग्य जागी थांबतं, हे आम्ही तुमच्या नऊशेंवरून धरून चाललो. एकही वेगळा नाही हे वाचून मीच विचारायला हवं होतं. आता किती जणांनी आमचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलंय कुणास ठाऊक, फुकट दिलेल्याची यादी नसते.

बाईंना सगळं सांग. भाऊजींचा पाय उजेडात नीट बघ आणि कळव.

लोभ ठेवशील का, विचारवत नाही.
धाकटा

११ एप्रिल
चि. धाकट्यास, आ.

पट्टी काढली. बाईंना सांगितलं. त्या दार लाव म्हणाल्या. त्यांनी आणखी अकरा जणांना पट्टी लावलीय.

हे म्हणतात पाय झकास आहे, उगाच कटकट करू नकोस. मी खिडकीशी नेऊन बघितला. टाचेवर नवी कातडी, गुळगुळीत. तिच्याखाली पाच गोळे आहेत, एका ओळीत, कडेचा बारीक, शेवटचा मोठा. दाबले तर ह्यांना गुदगुल्या होतात. मोठ्याच्या टोकाला कातडी फाटून पांढरं, कडक काहीतरी वर आलंय. ह्यांची नखं वीस वर्षं मीच कापते. नख मला ओळखू येतं.

ह्यांना अजून सांगितलं नाही. तू पडद्यावर पुढचे दिवस घालून बघ आणि हे कुठे थांबतं ते लिही. ह्या वेळी पाल्हाळ लावलंस तरी चालेल.

लोभ आहे तसाच आहे.
ताई